गव्हाणीतले गणित : दुभत्या गाईचे खाणे आणि तिचे दूध

दूध उत्पादनाच्या खर्चात खाद्याचा वाटा साधारणपणे ६० ते ७० टक्के असतो. त्यामुळे चाऱ्याचे भाव चढले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप ठरून जातो. या वेळी गाईने खाल्लेला चारा आणि त्यातून मिळणारे दूध यांविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या उत्तरातील हिशेब थोडा लांबला आहे, पण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिली असल्यामुळे तो आधी वाचावा.

प्रश्न : माझ्याकडे होल्स्टीन संकरित दोन गाई आहेत. दोघींना रोज २० किलो हत्तीघास, १२ किलो मुरघास, ४ किलो कडबा कुट्टी आणि ६ किलो गोळी पेंड असे सारखेच खाद्य घालतो. पहिली गाय दोन महिन्यांपूर्वी व्यायली असून २२ किलो दूध देते, फॅट ३.२ लागते. दुसरीला व्यायल्यावर सहा महिने झाले, ती गाभण आहे, दूध १९ किलो आणि फॅट ४.०. चारा परवडत नाही म्हणून एक गाय काढायची आहे. कमी दुधाची काढणे योग्य ठरेल का? (संगमनेर तालुका)

उत्तर : एवढ्या माहितीवर दुसरी गाय काढू नये. आपण किती खाद्य घातले हे लिहिले आहे, पण प्रत्येकीने त्यातले किती खाल्ले हे लिहिलेले नाही, आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

प्रथम खाद्यातील पाणी बाजूला काढू. चाऱ्याची तुलना नेहमी शुष्क पदार्थावर करावी लागते. हत्तीघासात शुष्क पदार्थ सुमारे २० टक्के, चांगल्या मुरघासात (हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) ३३ टक्क्यांच्या आसपास, तर कडबा आणि पेंडीत ९० टक्के धरावा. म्हणजे हत्तीघासातून ४ किलो, मुरघासातून ४ किलो, कडब्यातून ३.६ आणि पेंडीतून ५.४ असा एकूण १७ किलो शुष्क पदार्थ आपण प्रत्येक गाईपुढे ठेवता. घातलेल्या खाद्यावर हिशेब केला तर पहिली गाय दर किलो शुष्क पदार्थामागे १.२९ किलो दूध देते आणि दुसरी १.१२ किलो. कमी दुधाची गाय काढण्याचा आपला विचार बहुधा अशाच अंदाजावर आधारलेला असावा.

आता दोन दुरुस्त्या करू. वेगवेगळ्या फॅटचे दूध एका मापात आणण्यासाठी ते ४ टक्के फॅटवर आणतात. त्यासाठी दुधाच्या किलोंना ०.४ ने गुणावे, दुधातील स्निग्धांशाच्या किलोंना १५ ने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. पहिल्या गाईच्या २२ किलो दुधात ०.७०४ किलो स्निग्धांश आहे, तिचे उत्तर १९.३६ किलो येते. दुसरीच्या दुधात ०.७६ किलो स्निग्धांश आहे, तिचे उत्तर बरोबर १९ किलो. तीन किलोंचा फरक इथेच जवळजवळ मिटला. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातील बाकीचे घन घटक) या पायावर ठरतो आणि त्याखाली कपात होते, त्यामुळे ३.२ फॅटच्या दुधाचा फटका आपल्याला दर दहा दिवसांच्या बिलातही दिसत असेल.

दुसरी दुरुस्ती उरलेल्या चाऱ्याची. समजा पहिलीच्या गव्हाणीत रोज १ किलो कडब्याची ताटे उरतात आणि दुसरीच्या गव्हाणीत २.५ किलो. मग पहिलीने १६.१ किलो शुष्क पदार्थ खाल्ला आणि दुसरीने १४.७५ किलो. ४ टक्के फॅटच्या दुधाला या आकड्यांनी भागले की पहिलीची कार्यक्षमता १.२० आणि दुसरीची १.२९ येते, म्हणजे क्रम उलटला. उरलेल्या चाऱ्याचे आकडे मी गृहीत धरले आहेत, खरे आकडे आपल्याच गोठ्यातून यायला हवेत. त्यासाठी एक ताणकाटा आणि सलग सात दिवस पुरतात. घातलेले प्रत्येक घमेले आणि पुढच्या सकाळी गव्हाणीतून काढलेला प्रत्येक गठ्ठा तोलावा. दोघी एकाच गव्हाणीत तोंड घालत असतील तर तेवढे दिवस मध्ये फळी टाकावी.

याशिवाय दुसरी गाय सहा महिन्यांवर आहे आणि पहिली दोन महिन्यांवर, हे विसरता येत नाही. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत गाईची भूक दुधाच्या मागे राहते आणि कमी पडणारी ऊर्जा ती अंगावरच्या चरबीतून काढते. अंगाचे १ किलो वजन घटले की त्यातून साधारण ६ किलो दुधाला पुरेल एवढी ऊर्जा सुटते. त्यामुळे ताज्या व्यायलेल्या गाईचा आकडा नेहमीच चांगला दिसतो, आणि तो फारच चांगला दिसत असेल तर मी आनंदाऐवजी काळजी करीन, कारण फार वेगाने खंगणारी गाय माजावर उशिरा येते आणि उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. सहाव्या महिन्यातली गाभण गाय मात्र घटलेली चरबी परत अंगावर चढवत असते. तेवढा भार सांभाळून ती पहिलीच्या बरोबरीने किंवा पुढे राहत असेल, तर ती चांगली गाय आहे.

गाईच्या आकाराचाही परिणाम होतो. साधारण ४५० किलो वजनाच्या गाईला केवळ जगण्यासाठी, म्हणजे एक थेंबही दूध न देता, रोज जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात ४ टक्के फॅटचे १० ते १३ किलो दूध तयार होऊ शकते. हा खर्च ठरलेला असतो. तो २५ किलो दुधावर वाटला गेला तर किलोमागे कमी पडतो, १० किलोवर वाटला गेला तर डोईजड होतो. परदेशातील जास्त दुधाच्या कळपांत कार्यक्षमतेचे १.४ ते १.६ असे आकडे सांगितले जातात, त्यांच्याशी आपल्या संकरित गाईंची थेट तुलना करू नये. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ७० आणि लांबी ६० इंच असेल तर वजन सुमारे ४४५ किलो येते.

सात दिवसांचे आकडे हाती आल्यावर पुन्हा लिहावे. तोपर्यंत व्यापाऱ्याला थांबवून ठेवा.

प्रश्न : आमचा १२ गाईंचा मुक्त गोठा आहे. कडबा, हिरवा चारा, मुरघास आणि भरडा एकत्र मिसळून सकाळी एकदा घालतो. गाई तोंडाने उसकटून भरडा तेवढा खातात आणि लांब तुकडे बाजूला सारतात. फॅट कधी ३.८, कधी ३.१. काही गाईंचे शेण पातळ आहे. मिश्रण चुकते आहे का? (फलटण तालुका)

उत्तर : मिश्रण कागदावर बरोबर असेलही, पण गाईने त्यातून निवड केली की ते मिश्रण राहत नाही. गाय मुसकटाने चारा उडवते, त्यामुळे बारीक आणि जड कण खाली बसतात, आणि तेच ती आधी चाटूनपुसून खाते. पहिल्या दोन तासांत ज्या दांडग्या गाई गव्हाणीवर असतात त्यांच्या पोटात ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त भरडा जातो, आणि दुपारी ज्या दबलेल्या किंवा पहिलारू (पहिल्यांदाच व्यायलेल्या) गाई येतात त्यांच्या वाट्याला ताटेच उरतात. एकाच गोठ्यात एकीला आम्लता आणि दुसरीला उपासमार, असा हा प्रकार आहे. शेण सगळ्यांचे नाही, काहींचेच पातळ आहे, हे आपण लिहिलेच आहे.

भरडा पोटात एकदम गेला की कोठीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, तो फार वेगाने आंबतो. एरवी गाय तंतुमय चारा चघळताना आणि रवंथ करताना दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गिळते, आणि त्या लाळेतला सोडा हे आम्ल मारतो. लांब तुकडे न खाल्ल्याने रवंथ कमी होतो, लाळ कमी होते आणि आम्ल मात्र वाढलेले असते. तंतू पचवणारे जिवाणू आम्लात मंदावतात. त्यामुळे फॅट उतरते, खाल्लेला चाराही नीट पचत नाही आणि शेणात मक्याचे दाणे दिसू लागतात. पुढे खूर दुखावतात. शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतले तर किती दाणे आणि किती लांब तंतू न पचता बाहेर पडले हे सहज दिसते.

पहिला उपाय कुट्टीचा. कडब्याचे तुकडे गाईच्या मुसकटाच्या रुंदीपेक्षा लांब असता कामा नयेत. ५ सेंटिमीटरच्या वरचा तुकडा ती हमखास वगळते. २ ते ३ सेंटिमीटर ठेवावा. पण कुट्टीचा पार भुगाही करू नये, नाहीतर चघळायला काहीच उरत नाही. कडबा कुट्टी यंत्राची पाती बोथट झाली की तुकडे लांब आणि चिरफाळलेले निघतात, ते एकदा तपासावे. दुसरा उपाय ओलाव्याचा. मिश्रण कोरडे असेल तर त्यावर पाणी, किंवा पाण्यात कालवलेली थोडी मळी शिंपडली की भरडा कुट्टीला चिकटतो आणि निवडता येत नाही. मुरघास भरपूर असेल तर मिश्रण मुळातच ओले असते, त्यात आणखी पाणी ओतू नये, उन्हाळ्यात ते तापते.

तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चारा दिवसातून एकदाऐवजी किमान दोनदा घालावा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मुक्त गोठ्यातील गाईंच्या खाण्याचा बराच अभ्यास झाला आहे. ताजा चारा पडला की गाई गव्हाणीकडे धावतात, आणि चारा अधिक वेळा घातला की निवडून खाणे कमी होते व दिवसभरातील खाणे अधिक समान वाटले जाते, असे त्यात दिसले. नुसता चारा पुढे ढकलल्यानेही गाई येतात, पण ताज्या चाऱ्याइतक्या नाही. धारेहून परतलेल्या गाईला समोर ताजा चारा दिसावा, असे वेळापत्रक लावावे. प्रत्येक गाईला गव्हाणीवर ६० सेंटिमीटर जागा हवी. १२ गाईंना सव्वासात मीटरांपेक्षा कमी गव्हाण असेल तर बाकीचे उपाय अर्धेच पडतील. तोपर्यंत पशुवैद्यकांच्या सल्ल्याने गाईमागे रोज १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा देता येईल, पण सोडा देऊन कुट्टीची लांबी तशीच ठेवणे शहाणपणाचे नाही.

प्रश्न : माझ्या चार गाई बांधलेल्या असतात. सकाळी धार काढताना पेंड भिजवून देते, मग उसाचे वाढे घालते. संध्याकाळी पुन्हा तसेच. गाईने दिवसात किती वेळ खावे आणि किती वेळ बसावे याचे काही माप आहे का? (करवीर तालुका)

उत्तर : आहे, आणि ते जाणून घेण्यासाठी घड्याळाखेरीज काही लागत नाही. मिश्र खाद्य मिळणारी मुक्त गाय दिवसाचे ३ ते ५ तास खाते आणि हे खाणे साधारण ९ ते १४ वेळांत विभागलेले असते. जाडाभरडा चारा जास्त असलेल्या गाईला याहून अधिक वेळ लागतो. रवंथ ७ ते १० तास चालतो आणि बसणे १० ते १२ तास असावे. भर दुपारी, आपण दावणीत नसताना, दुरून पाहावे. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करीत असतील तर पोटाचे काम ठीक चालले आहे.

ताई, आपल्या वेळापत्रकातील अडचण अशी की गाय रात्रभर रिकाम्या गव्हाणीसमोर उभी असते आणि पहाटे तिच्या रिकाम्या पोटात पहिली पडते ती पेंड. भुकेली गाय ती काही मिनिटांत संपवते. आधी चार-पाच किलो वाढे किंवा कुट्टी घालावी, अर्ध्या तासाने पेंड द्यावी, आणि एका वेळी दोन-अडीच किलोंपेक्षा जास्त देऊ नये. रात्री झोपण्यापूर्वी गव्हाणीत चारा टाकावा. धारेच्या वेळी पेंड दिल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही अशी सवय असेल तर मूठभर द्यावी, पूर्ण वाटा नको.

वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण न चुकता द्यावे. वाढ्यांत प्रथिनेही कमी असतात. थोडा लसूणघास मिळाला तर पेंडीवरचा खर्च हलका होईल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण अनेक ठिकाणी लावला जातो.

पाण्याविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण बांधलेल्या गाईंना बहुतेक ठिकाणी दोनदाच पाणी दाखवले जाते, असे दिसते. १५ किलो दूध देणारी गाय दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी पिते आणि पाणी अपुरे पडले की चारा खाणेही त्याच प्रमाणात घटते. दावणीत हौदाची किंवा बादलीची सोय करून पाणी चोवीस तास समोर ठेवले तर खाद्य न वाढवता दूध वाढण्याची शक्यता असते. इतक्या कमी खर्चाचा दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत गाई दिवसा चाऱ्याला तोंड लावत नाहीत. दूध चार-पाच किलोंनी उतरते. पेंड वाढवावी का? (मंगळवेढा)

उत्तर : पेंड वाढवू नये. तापमान २५ अंश आणि आर्द्रता ५० टक्के झाली की जास्त दुधाच्या संकरित गाईला उष्णतेचा ताण सुरू होतो, मग आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हाचे काय सांगावे. चारा पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून गाय स्वतःच खाणे कमी करते आणि उरलेले खाणे रात्रीवर ढकलते. त्यातच रवंथ कमी आणि लाळ गळून वाया गेलेली, अशा स्थितीत पेंड वाढवली तर आम्लता ठरलेली.

दिवसाच्या चाऱ्यापैकी साधारण दोन तृतीयांश चारा सूर्यास्तानंतर आणि पहाटे घालावा. मुरघासाची पिशवी उघडली की ती लवकर संपेल एवढ्याच आकाराची घ्यावी, तापलेला मुरघास गाय हुंगून सोडते. मंगळवेढ्याची हवा कोरडी असल्याने फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे यंत्र) आणि पंखा यांचा चांगला उपयोग होईल. कोकणातल्या दमट हवेत तोच फॉगर जवळजवळ निरुपयोगी असतो. खर्चाचा निर्णय करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात थंड जागेतील गाईंना मुद्दाम उष्णतेतील गाईंइतकेच कमी खाद्य देऊन तुलना केली गेली, तेव्हा दुधातील घटीचा जेमतेम निम्मा किंवा त्याहून कमी भाग खाणे घटल्यामुळे होता असे आढळले. बाकीची घट उष्णतेचा थेट परिणाम असते. म्हणजे गाईला कसेही करून खायला लावले तरी, गोठा थंड केल्याशिवाय सगळे दूध परत येणार नाही.

प्रश्न : मी ४० गाईंचा नवा गोठा उभारतो आहे. प्रत्येक गाईला रवंथ मोजणारा पट्टा बांधावा आणि कमी खाऊन जास्त दूध देणाऱ्या गाईंच्या वंशातील वळूंचे वीर्य वापरावे, असा सल्ला मिळाला. उपयोग होईल का? (पुणे)

उत्तर : गळ्यातला पट्टा गाय किती मिनिटे खाते आणि किती मिनिटे रवंथ करते हे सांगतो, किती किलो खाते हे सांगत नाही. मोठी गाय तासात जेवढे खाते तेवढ्याला पहिलारू गाय जास्त वेळ घेते, त्यामुळे मिनिटांवरून किलोंचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. माज ओळखणे आणि आजार एक-दोन दिवस आधी लक्षात येणे यासाठी पट्टा नक्कीच उपयोगी आहे. ४० गाई आणि कामावर बाहेरचे लोक असतील तर त्या कारणासाठी तो घ्यावा.

वंशावळीचा मुद्दा खरा आहे. गाईचे वजन, दूध आणि अंगावरील चरबीतील बदल पाहता तिने जितके खायला हवे त्यापेक्षा ती कमी खाते की जास्त, हा फरक काही प्रमाणात आनुवंशिक असतो. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये होल्स्टीन वळूंसाठी ‘वाचलेले खाद्य’ या गुणाचे मूल्यांकन सुरू केले. मात्र त्याचा आधार असलेली मोजणी गाईगणिक खाद्य तोलणाऱ्या संशोधन गोठ्यांत झालेली आहे. आपल्याकडचा हत्तीघास, कडबा आणि मे महिना त्या मोजणीत नव्हता. दोन वळू बाकी गुणांत सारखे असतील तर या गुणात सरस असलेला निवडावा, पण त्यासाठी फार जास्त पैसे मोजू नयेत. वंशातील सुधारणा दिसायला वीर्य भरल्यापासून कालवड व्यायेपर्यंत तीनेक वर्षे जातात. गव्हाण, पाणी आणि सावली यांचा परिणाम पहिल्या महिन्यात दिसतो, म्हणून आराखड्यातील पैसा आधी तिकडे वळवावा.

प्रश्न : गव्हाणीत उरलेला चारा भाकड गाईंना घातला तर चालतो का? (राहाता)

उत्तर : चालतो, मात्र त्याच दिवशी आणि तोलून घातला तर. दुभत्या गाईंच्या गव्हाणीत घातलेल्या खाद्याच्या ३ ते ५ टक्के चारा उरणे योग्य आहे. काहीच उरत नसेल तर गाई उपाशी आहेत, आणि १० टक्क्यांहून जास्त उरत असेल तर कुट्टी किंवा प्रमाण तपासावे. उरलेल्या चाऱ्यात पेंडीचा अंश फारसा नसतो, म्हणून व्यायला दीड-दोन महिने असलेल्या भाकड गाईंना किंवा वर्षावरच्या कालवडींना तो देता येतो. आंबूस वास येणारा, शेण लागलेला किंवा आजारी गाईपुढचा चारा उकिरड्यावरच टाकावा, आणि लहान वासरांना असा चारा मुळीच देऊ नये.